वैमानिकाचा पहिला पगार: हातात किती येतो, हप्त्यात किती जातो

वाशीम : बारावी सायन्सचा निकाल लागला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "पायलट व्हायचं आहे, पगार किती असतो?" विचारणाऱ्यांत मुलींची संख्या वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट. पण प्रश्नाबरोबर बहुतेक वेळा एक जाहिरातही असते. त्यात लाखाच्या पगाराचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो आकडा कोणाचा, किती वर्षांनंतरचा आणि कपात होण्याआधीचा की नंतरचा, हे मात्र त्यात लिहिलेले नसते.

वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. शेजारच्या अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून नियमित प्रवासी विमान नाही. मात्र अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. त्याच बेलोऱ्याला वर्षाला १८० वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने जुलै २०२४ मध्ये केली. त्यामुळे कारंजा, मंगरुळपीर, मानोरा भागातल्या पोरांना विमान आता फार दूरचे वाटत नाही. स्वप्न जवळ आले की त्याचा हिशोबही नीट मांडला पाहिजे, म्हणून हा लेख. घर किंवा शेत गहाण ठेवण्याआधी आई-वडिलांनी तो वाचावा, ही विनंती.

आधी खर्च, मग पगार

नोकरी लागण्याआधीच घरातून मोठी रक्कम जाते, म्हणून सुरुवात खर्चापासून करू.

विमान कंपनीत जाण्यासाठी व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे सीपीएल, लागतो. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. त्यासाठी वय १८ पूर्ण हवे, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे आणि किमान २०० तासांचे उड्डाण हवे. शिवाय हवाई मार्गदर्शन, हवामान, हवाई नियम, तांत्रिक विषय आणि रेडिओ टेलिफोनी या परीक्षा पास व्हाव्या लागतात. बारावीला गणित सोडले असेल तर मुक्त विद्यालयातून ते विषय देण्याची सोय आहे.

भारतात याचा खर्च ढोबळमानाने ४५ ते ६० लाख रुपये येतो. रायबरेलीजवळच्या फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी ही केंद्र सरकारची संस्था आहे, पण तिथलीही फी ४५ लाखांच्या घरात गेली आहे. आपल्या विदर्भात गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे आणि नागपूरला नागपूर फ्लाइंग क्लब आहे.

परवाना हातात आला म्हणजे एअरबस किंवा बोइंग चालवता येते असे नाही. त्या त्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचे आणखी साधारण १५ लाख किंवा त्याहून अधिक लागतात. काही कंपन्या प्रवेशापासून टाइप रेटिंगपर्यंतचा एकत्रित कॅडेट कार्यक्रम चालवतात. त्याचा खर्च कोटीच्या आसपास किंवा कोटीवर जातो.

पगाराच्या पायऱ्या

विमान कंपनीत रुजू झाल्यावर वैमानिक एकदम मोठ्या पगारावर बसत नाही.

पहिली पायरी प्रशिक्षणार्थीची. या काळात वर्गातले शिक्षण, सिम्युलेटर आणि प्रवासी विमानात प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून केलेली उड्डाणे असतात. या काळात पगाराऐवजी विद्यावेतन मिळते. काही ठिकाणी तेही लगेच सुरू होत नाही. हा काळ काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत लांबू शकतो.

दुसरी पायरी कनिष्ठ सहवैमानिकाची, म्हणजे ज्युनियर फर्स्ट ऑफिसरची. तपासणी उड्डाण पास झाल्यावर ही नेमणूक मिळते आणि खरा पगार इथून सुरू होतो.

तिसरी पायरी फर्स्ट ऑफिसरची. त्यानंतर कॅप्टन. कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल हा वरचा परवाना लागतो आणि त्यासाठी १५०० तासांचे उड्डाण लागते. कंपनीत जागा कधी निघते यावरही ते अवलंबून असते. साधारण चार ते आठ वर्षे धरून चालावे.

या पायऱ्यांमधली दरी किती मोठी आहे? एप्रिल २०२३ मध्ये एअर इंडियाने वैमानिकांसाठी नवी वेतनरचना आणली. तिच्यात खालच्या टोकाला प्रशिक्षणार्थीला महिन्याला ५०,००० रुपये आणि वरच्या टोकाला वरिष्ठ कमांडरला साडेआठ लाखांपर्यंत, अशी रचना होती. एकाच कंपनीत, एकाच कॉकपिटमध्ये सतरा पटींचा फरक! जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा या वरच्या टोकाजवळचा असतो. तुमचा मुलगा किंवा मुलगी सुरुवात खालच्या टोकापासून करणार आहे.

पगार कशाचा बनतो

वैमानिकाच्या पगारपत्रकात मूळ वेतन आणि घरभाडे भत्ता असतो. पण मोठा भाग उड्डाण भत्त्याचा असतो आणि तो तासांवर मिळतो. विमान जागेवरून हलल्यापासून पोहोचून थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरतात. विमानतळावर लवकर येऊन केलेली तयारी किंवा दोन उड्डाणांच्या मधली वाट पाहण्याची वेळ त्यात सहसा येत नाही.

बहुतेक कंपन्या महिन्याला ठरावीक तासांची हमी देतात. तेवढे तास उडाले नाही तरी त्या तासांचे पैसे मिळतात. त्यापुढच्या तासांचे वेगळे पैसे मिळतात. म्हणून नेमणूकपत्र हातात आल्यावर पहिला प्रश्न विचारावा, "हमीचे तास किती?" दोन कंपन्यांचा एकूण आकडा सारखा दिसला, तरी जिथे हमीचे तास कमी तिथे मंदीच्या महिन्यात पगार घसरतो.

जास्त तास उडून हवे तेवढे कमावता येईल, असेही नाही. थकलेला वैमानिक धोकादायक असतो, म्हणून डीजीसीएने वर्षाला १००० तासांची मर्यादा घातली आहे. जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेण्यात आली. रात्रीच्या लँडिंगवरही बंधने आली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची मोठ्या संख्येने उड्डाणे रद्द झाली, तेव्हा हेच नियम आणि अपुरे वैमानिक हा विषय देशभर गाजला.

हातात येणारा पैसा: तीन हिशोब

खालचे आकडे कोणत्याही एका कंपनीचे नाहीत, हिशोब समजावा म्हणून आम्ही ते धरले आहेत. कर आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या प्रणालीनुसार काढला आहे. नोकरीचे ठिकाण मुंबई धरून व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये धरला आहे.

कर्ज असे धरू. परवाना आणि टाइप रेटिंग मिळून ६५ लाख खर्च. त्यातले १५ लाख घरून आणि ५० लाख बँकेचे. व्याज ११ टक्के, परतफेड १२ वर्षे. याचा हप्ता महिन्याला सुमारे ६२,७०० रुपये येतो. १२ वर्षांत ५० लाखांचे ९० लाखांहून अधिक भरावे लागतात.

पहिला हिशोब, प्रशिक्षणार्थी. विद्यावेतन ५०,०००. वर्षाचे ६ लाख, म्हणजे आयकर शून्य. भविष्य निर्वाह निधीचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले, तर हातात ४८,०००. हप्ता ६२,७००. म्हणजे जेवण आणि भाडे सोडाच, हप्त्यालाच १४,७०० कमी पडतात. अंगावर गणवेश असतो, गावात सत्कार झालेला असतो आणि घरून पैसे मागवावे लागतात.

दुसरा हिशोब, कनिष्ठ सहवैमानिक. एकूण पगार १,५०,००० धरू, त्यात मूळ वेतन ६०,०००. वर्षाचे १८ लाख. ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १७.२५ लाखांवर कर आणि उपकर मिळून १,५०,८००, म्हणजे महिन्याला सुमारे १२,६००. भविष्य निर्वाह निधी ७,२००, व्यवसाय कर २००. हातात १,३०,०००. हप्ता गेला की उरतात ६७,३००. विमानतळाजवळ दोघा-तिघांत घेतलेल्या खोलीचे भाडे २०,०००, जेवण व प्रवास १५,०००, घरी पाठवायला १५,०००. हातात शिल्लक १७,३००.

तिसरा हिशोब, काही वर्षे झालेला फर्स्ट ऑफिसर. एकूण २,५०,००० धरू, त्यात मूळ वेतन १,००,०००. वर्षाचे ३० लाख. कर व उपकर ४,७५,८००, म्हणजे महिन्याला ३९,६५०. निधी १२,०००, व्यवसाय कर २००. हातात सुमारे १,९८,०००. हप्ता गेला तरी १,३५,००० च्या वर उरतात. घर सावरायला सुरुवात होते ती इथून.

म्हणजे हा व्यवसाय तोट्याचा नाही. पण पहिली दोन-तीन वर्षे कर्ज जिवंत आणि पगार अर्धवट, अशी असतात. ज्या घराकडे ती वर्षे ओढून नेण्याची ताकद नसते, ते घर तिथेच कोसळते.

कराबाबत एक सूचना. जुन्या करप्रणालीत कलम ८०ई खाली बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते. नव्या प्रणालीत मिळत नाही. नातेवाइकांकडून किंवा सावकाराकडून घेतलेल्या पैशावर ती कुठेच मिळत नाही. नोकरी लागल्यावर दोन्ही प्रणालींचा हिशोब एकदा सीएकडून करून घ्यावा.

परवाना आहे, नोकरी नाही

२०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. आदल्या वर्षी ते १,१६५ होते. परवाना मिळालेल्या प्रत्येकाला लगेच नोकरी मिळत नाही. कंपन्यांची भरती लाटेने येते. लाट ओसरली की वर्ष-दोन वर्षे घरी बसावे लागते आणि परवाना चालू ठेवण्यासाठी पुन्हा खर्च करावा लागतो.

बँका साधारणपणे अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्त्याची सवलत देतात. पण व्याज थांबत नाही. ५० लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाचे साडेपाच लाख, म्हणजे महिन्याला ४५,८०० रुपये व्याज चढते. एक वर्ष थांबावे लागले आणि ते व्याज मुद्दलात गेले, तर हप्ता ६२,७०० वरून सुमारे ६९,६०० होतो, आणि तो बारा वर्षे भरायचा.

नोकरी मिळाली म्हणून धोका संपत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. तिन्ही वेळा वैमानिक रस्त्यावर आले, अनेकांचे पगार थकले. करोनाच्या काळात चालू कंपन्यांनीही पगार कापले, बिनपगारी रजा दिल्या. दुसरीकडे, नोकरी सोडायची तर डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष आधी सूचना द्यावी लागते. शिवाय प्रशिक्षणाच्या खर्चापोटी बाँड असू शकतो. सही करण्याआधी तो वकिलाला दाखवावा.

आणि आरोग्य. वैमानिकाला वर्ग एकची वैद्यकीय तपासणी ठरावीक काळाने पास व्हावी लागते. ती नापास झाली की उड्डाण बंद. पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. म्हणून परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा आणि मुदतीचा जीवन विमा नोकरीच्या पहिल्या महिन्यातच घ्यावा.

कर्ज मिळवताना आपल्या लोकांची अडचण

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागत नाही. त्यावर मागते. इथेच आपल्या वस्त्यांतल्या कुटुंबांचे घोडे अडते. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, पण मालमत्ता पत्रक नसते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजनेतून भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन मिळते. पण ती विकता येत नाही आणि अशा जमिनीवर बँक मोठे कर्ज देत नाही. मग जामीनदार शोधावा लागतो. जामीनदार म्हणजे बहुतेक वेळा नोकरीत असलेला एखादा मामा किंवा काका. हप्ता थकला की बँक त्यांच्या दारात जाते. एका मुलाच्या स्वप्नाला दोन घरे बांधली जातात, हे लक्षात ठेवून पाऊल टाकावे.

सरकारी मदतीबाबत स्पष्ट सांगतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अभ्यासक्रमांत वैमानिक परवान्याचा समावेश केला गेला आहे. या योजनेला अडीच लाख रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. केंद्राच्या टॉप क्लास शिक्षण योजनेत खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३.७२ लाखांची कमाल मर्यादा ठरवण्यात आली होती. खर्च पन्नास लाखांचा आणि मदत एवढी, हा मेळ बसत नाही. शिवाय तुम्ही निवडलेली संस्था योजनेच्या यादीत आहे का, हे पैसे भरण्याआधी वाशीमच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयातून लेखी घ्यावे. "होऊन जाईल" या तोंडी शब्दावर विसंबू नये. राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त व विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी महात्मा फुले महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात करता येते.

कागदपत्रांत एक गोष्ट हमखास चुकते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती लागू झाल्या. पण केंद्राच्या योजनेला केंद्राच्या नमुन्यातलेच जात प्रमाणपत्र लागते. राज्याचे प्रमाणपत्र जोडल्यामुळे अर्ज परत येतात आणि मुदत निघून जाते. दहावीनंतरच हे काम उरकून ठेवावे.

राष्ट्रीय उड्डाण अकादमीत जागांना आरक्षण आहे, ही चांगली बाब. पण जागा मिळाली तरी फी उभी करावीच लागते. नोकरीत तर तेही राहिलेले नाही. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिला आरक्षण लागू होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटा समूहाकडे गेली आणि तो दरवाजा बंद झाला.

महाज्योती संस्थेने इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली. पूर्ण खर्चाची, दरवर्षी वेळेवर जाहिरात निघणारी योजना बार्टीकडेही असावी आणि बेलोऱ्याच्या संस्थेत राज्याने अनुसूचित जातींच्या मुला-मुलींची फी भरावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला होता. महागड्या शिक्षणाचा भार एकट्या बापाच्या खांद्यावर टाकू नये, हा त्यामागचा धडा आहे.

बिनखर्चाच्या वाटा

उडायचेच असेल तर हवाई दलाची वाट बिनखर्चाची आहे. बारावीनंतर एनडीए किंवा पदवीनंतर हवाई दलाची सामाईक प्रवेश परीक्षा. दोन्ही मुलींनाही खुल्या आहेत. प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते. अधिकारी झाल्यावर मूळ वेतन ५६,१००, लष्करी सेवा वेतन १५,५०० आणि उड्डाण भत्ता २५,०००, म्हणजे ९६,६०० आणि त्यावर महागाई भत्ता. डोक्यावर कर्ज शून्य. वरच्या दुसऱ्या हिशोबाशी हे ताडून पाहा. एनडीएच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगर येथे मुलांची आणि नाशिक येथे मुलींची, अशा राज्य सरकारच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहेत. प्रवेश दहावीनंतर होतो, म्हणून नववीपासूनच लक्ष ठेवावे.

विमानतळावरच काम करायचे असेल तर भारतीय विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रकाची भरती होते. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बीएस्सी किंवा अभियांत्रिकी पदवी लागते. वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,००० आहे, भत्ते वेगळे. ही सरकारी संस्था असल्यामुळे इथे आरक्षण लागू आहे.

निर्णय घेण्याआधी

आमचे सांगणे क्रमाने असे.

पहिले, फी भरण्याआधी वर्ग दोनची आणि मग वर्ग एकची वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंगांधळेपणा किंवा हृदयाचा दोष पन्नास लाख भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

दुसरे, डीजीसीएच्या लेखी परीक्षांचा अभ्यास घरी राहून सुरू करता येतो. एक-दोन विषय पास होऊन पाहा. आवड खरी की जाहिरातीची, ते तिथेच कळते.

तिसरे, संस्थेत प्रत्यक्ष जा. विमाने किती चालू आहेत आणि २०० तास पूर्ण व्हायला मागच्या तुकडीला किती महिने लागले, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा. उशीर म्हणजे व्याज.

चौथे, फी एकरकमी देऊ नका. टप्प्याने द्या, पावती घ्या. नोकरीची हमी देणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.

पाचवे, परवाना मिळाल्यावर दोन वर्षे नोकरी लागली नाही तर घर कसे चालेल, हे कागदावर लिहून काढा. उत्तर नसेल तर आधी पदवी, हवाई दल किंवा प्राधिकरणाची वाट धरा. वैमानिक पंचविसाव्या वर्षीही होता येते. विमान कंपनीत ६५ व्या वर्षापर्यंत उडता येते, त्यामुळे घाईचे कारण नाही.

आमच्या वस्तीतल्या मुलीने कॉकपिटमध्ये बसावे असे आम्हालाही वाटते. ती बसेल तेव्हा तिच्या बापाचे घर शाबूत असावे, एवढीच आमची तळमळ. विहारात रविवारी जमता, तेव्हा हा हिशोब एकदा फळ्यावर मांडा. मुलांसमोर मांडा, आई-वडिलांसमोर मांडा. मग ठरवा.

जय भीम, नमो बुद्धाय.